मागची ट्रॉली

निपाणीजवळच्या एका चौकातल्या सिग्नलचा प्रोग्राम मी लिहिला. एक बाजू बंद झाल्यावर दुसरी किती सेकंदांनी सोडायची, हे मी माझी छोटी मोटार चौकातून नेऊन ठरवलं होतं.

ऊसतोडीचा हंगाम आला आणि तक्रार आली, एक ट्रॅक्टरवाला हिरव्या दिव्यातही थांबून राहतो. मी पाहायला गेलो. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टॉवेल, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देत होते. तो मान वळवून ट्रॉल्या बघायचा आणि हात वर करून म्हणायचा, "थांबा रं, पुढच्याला जातो."

मी चिडून विचारलं, "अण्णा, हिरवा दिसत नाही का?"

"दिसतोय की! पण मधनंच निघालो तर माझं तोंड हिरव्यात जातंय आन् शेपूट तांबड्यात ऱ्हातंय. तवर आडवी बाजू सुटती. परवा एक स्कूटरवाली बाई मागच्या चाकाखाली जाता जाता वाचली."

त्याच दिवशी मी कंट्रोलरची पेटी उघडली आणि सगळ्या बाजू लाल राहण्याची वेळ वाढवली. दुसऱ्या दिवशी त्याला गाठून सांगितलं, "ऑफिसनं वेळ वाढवलीय."

तो हसला. "वाढवणाऱ्याला नमस्कार सांगा. आन् आधीच्याला एकदा माझ्याशेजारी बसवा."

"सांगतो," मी म्हणालो. ते दोघंही मीच, हे सांगायचं धाडस झालं नाही. अजूनही होत नाही, म्हणून इथं लिहितोय.