शाळा सोडल्याचे कारण

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी हेडमास्तर म्हणून रुजू झालो, त्याच दिवशी शाळा समितीने मुले काढून घ्यायचे ठरवले. मी महार होतो.

दुसऱ्या दिवशी पालक दाखले न्यायला आले. मुले गेली असती तर शाळा बंद पडली असती.

आमचे कारकून मराठ्याच्या घरातले. टाक पुसल्याशिवाय ते अक्षर लिहीत नसत, आणि बोलतानाही तसेच थांबत. त्यांनी पहिला दाखला पुढे ओढला.

"शाळा सोडन्याचं कारन सांगा, पाटील."

"ल्ही की कायबी. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"म्हाईत हाय. 'हेडमास्तर महार हाय' आसं ल्हितो. खाली तुमी सही करा."

"लई श्याना झालास!" पाटील म्हणाले आणि टोपी सारखी करत उठले. त्यांच्यामागे बाकीचेही गेले. सही कोणीच केली नाही. शाळा टिकली.

पुढे अकरा वर्षे आम्ही शेजारी बसून काम केले. ते माझ्या घरी पुष्कळदा आले, पण पाणी कधी घेतले नाही. "आत्ताच पिऊन आलो, सर," म्हणत.

परवा ते वारले. त्यांना त्याबद्दल विचारायचे माझ्याकडून राहून गेले.