ओव्हर दिल्याशिवाय

सकाळी यांना मोजे सापडत नाहीत, सासूबाईंना चष्मा, आणि दोन्ही मीच लपवून ठेवल्यासारखे दोघं माझ्याकडे बघतात. त्या दिवशी मी डबे भरत होते. शेजारच्या सिस्टर ओट्यापाशी चहा घेत उभ्या होत्या. एरवी या वेळी त्या वॉर्डात असायच्या. आता त्यांची बदली हॉस्पिटलच्या चादरींच्या कोठीत झाली होती, आणि कोठी उशिरा उघडते.

"चादरी बऱ्या," सासूबाई म्हणाल्या. "सारख्या हाका तरी मारत नाहीत."

सिस्टर हसल्या, पण कप ओठांपाशी तसाच राहिला. तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर धाकटी उभी. इस्त्रीचा गणवेश, हातात सफरचंदांची पिशवी.

'धाकटी' हे नाव सिस्टरनीच ठेवलेलं. नवखी असताना तिचा हात हातात धरून शीर शोधायला शिकवलं, तिच्या बाळंतपणात तिच्या ड्युट्या स्वतः केल्या. परदेशात निरनिराळ्या देशांतल्या नर्सना नेतृत्वाचं प्रशिक्षण देणार होते, तेव्हा हॉस्पिटलनं या दोघींनाच पाठवलं. वर्गात खुर्च्या गोल मांडलेल्या. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, नेतृत्व करणारीनं आपली चूक आधी सांगावी. इथलं बोलणं या खोलीतच राहील. सगळ्या फरशीकडे बघत बसल्या. सिस्टर उठल्या. एकदा एका पेशंटचं इंजेक्शन त्यांनी शेजारच्या खाटेवरच्याला दिलं होतं. डॉक्टरांना तेव्हाच सांगितलं, पेशंटही सुखरूप घरी गेला. पण मनातली सल गेली नव्हती. इंग्रजी शब्द सुचेनात, म्हणून त्या आपल्या भाषेत बोलल्या आणि धाकटीनं एकेक वाक्य सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. परक्या बायका उठून गळ्यात पडल्या.

"वहिनी, इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं," आल्यावर त्या मला म्हणाल्या होत्या.

मग एक दिवस मेट्रननी ऑफिसात बोलावून तीच हकिगत त्यांना ऐकवली. वाक्यं धाकटीची होती. सिस्टर कोठीत गेल्या, वॉर्ड धाकटीकडे आला. असा केसानं गळा कापलेला मी जवळून पहिल्यांदाच पाहिला.

"वॉर्डातून थोडा वेळ काढून आलेय. ताईंचं दार बंद होतं, म्हणून इकडे आले," धाकटी म्हणाली.

"ये. फळं मात्र परत ने," सासूबाई म्हणाल्या. "इथं आजारी कुणी नाही."

धाकटीनं पिशवी पाठीमागे धरली. "मेट्रननी विचारलं, तिकडे काय शिकलात. मी उदाहरण म्हणून सांगितलं, ताई."

"उदाहरणाला तुझी एकही चूक सापडली नाही?" सिस्टरनी विचारलं.

धाकटीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "औषधांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच राहिलीय."

ती राहणारच. ड्युटी संपली म्हणून नर्स तशीच निघून जात नाही. एकेका खाटेपाशी थांबून कोण झोपला नाही, कोण औषध थुंकतो, कोणाला काय कळू द्यायचं नाही, हे येणारीला सांगते आणि मग किल्ल्या देते. याला त्या ओव्हर देणं म्हणतात. सिस्टरना मेट्रननी ऑफिसातूनच परस्पर कोठीत पाठवलं होतं.

सिस्टरनी पर्समधून किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

"घेऊन जा. आणि माझं एवढं एक कर. उद्या सकाळी मला वॉर्डात येऊ दे. माझ्या पेशंटांची ओव्हर मला देऊ दे."