भाजी मीच केली होती

परवा ऑफिसात मी धडधडीत खोटं बोलले... आणि अजून माझा संताप उतरलेला नाही. त्यांच्यावरचाही आणि स्वतःवरचाही.

औरंगपुऱ्यात आमचं छोटंसं ऑफिस आहे. दुपारी आम्ही चौघी एकाच टेबलावर डबे उघडतो, सगळ्या एकमेकींच्या भाज्या घेतात. माझी मात्र गेले आठ महिने जशीच्या तशी घरी परत येते.

आडनाव विचारून माझी जात पहिल्याच आठवड्यात काढून झालीय. पण तोंडावर मला कधी कोणी एक शब्द बोललेलं नाही.

मंजूषाताई आमच्यात सगळ्यात सीनियर. माझा डबा पुढं केला की म्हणणार, "आज ॲसिडिटी आहे गं." आणि दोन मिनिटांत स्वातीच्या डब्यातला ठेचा भाकरीला लावून खाणार! आता खरंच ॲसिडिटी? माझी भाजी तिखट? की जात?

या 'की'नं माझं डोकं पोखरलंय. मी तेल कमी केलं, मसाला कमी केला, डबा नवा घेतला... झोप उडाली. एक वाजत आला की छातीत धडधड सुरू. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल! नवरा म्हणतो, "लई मनावर घेती तू." कन्नडहून आई फोनवर म्हणते, "आसं काय नसंल बाई."

अहो, कोणी सरळ "तुझ्या हातचं खात नाही" म्हटलं असतं, तर तिथल्या तिथं भांडले असते. इथं भांडायचं कोणाशी? म्हणून स्वतःशीच भांडत बसते.

तर परवा वांग्याची भाजी केली. आमच्या घरची, काळा मसाला सढळ हातानं घालून. डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "शेजारच्या देशपांडे काकूंनी दिलीय."

दहा मिनिटांत डबा साफ! "काय चव आहे गं काकूंच्या हाताला," मंजूषाताई बोटं चाटत म्हणाल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मीच केलीय," मी म्हणाले.

मंजूषाताई हसल्या. "मग रोज अशी का नाही करत? रोजची तुझी भाजी किती फिकी दिसते!"

घ्या! फिकी तर मी यांच्यासाठीच करत होते. ही सारवासारव होती, की खरंच मनातलं बोलल्या? मला आजही माहीत नाही, आणि बहुतेक कधीच कळणार नाही. त्यांना काही फरक पडला नाही. पुरावे शोधत बसायचं ते मीच. आणि माझ्या हातच्या भाजीला मी दुसऱ्याचं नाव दिलं, याची लाज वेगळीच.

आता भाजी माझ्या जिभेला आवडेल तशीच करणार. ज्यांना खायची त्यांनी खावी.

आणि एक... कमेंटमध्ये "असं काही नसेल गं" लिहू नका. ते मी स्वतःला रोज सांगते. त्यानंच तर आजारी पडलेय.