पात्याचा चढता आवाज

नाना पेठेतल्या आमच्या फर्निचरच्या कारखान्यात लाकूड कापायचा एक जुना बँडसॉ होता. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून फिरणारं लांबलचक दातेरी पातं. ह्यांनी तो लिलावात घेतला तेव्हाच त्याची उमेद संपत आली होती. पात्याचा ताण दाखवायला काटा होता, पण आतली स्प्रिंग थकल्यामुळे तो वाटेल ते दाखवायचा. म्हणून हे कानावर भरवसा ठेवत. संध्याकाळी पातं सैल करून ठेवायचं, सकाळी दांडा फिरवून पुन्हा ताणायचं आणि बोटानं टिचकी मारून ऐकायचं. ढब्ब वाजलं तर सैल, किणकिणलं तर जास्त. बाकीचे लोक पातं अंगठ्यानं दाबून किती झुकतं ते बघत. ह्यांच्या मते तो मंडईत आंबे दाबून बघण्याचा प्रकार होता.

दाराजवळच्या टेबलावर मी ऑर्डरी लिहून घ्यायचे. ती टिचकी मी पंधरा वर्षं रोज ऐकली. कुकरच्या शिट्टीइतकी ती माझ्या ओळखीची होती.

यंत्रांच्या घरघरीत आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जायचेच. पण ह्यांचं म्हणणं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. डॉक्टरकडे जाऊ या, असं मी एकदा सुचवलं, तर दोन दिवस जेवताना चकार शब्द नाही. मी विषय सोडून दिला.

मग टिचकीचा आवाज चढायला लागला. ह्यांना ओळखीचा आवाज ऐकू येत नव्हता आणि तो येईपर्यंत हे दांडा फिरवत राहायचे. मला ते रोज कळत होतं. कारागिरांसमोर नवऱ्याला बहिरं कसं म्हणायचं, एवढ्यापायी मी गप्प बसले. घरी गेल्यावर सांगू असं ठरवायचे आणि घरी गेल्यावर भाजी निवडत बसायचे. याला मी मान राखणं म्हणत होते. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

एका मंगळवारी खुर्चीचा पाय कापताना पातं, जिथं त्याची दोन टोकं जोडलेली होती त्या सांध्यात, तुटलं आणि उसळून बाहेर आलं. यंत्रावर आमचा सगळ्यात जुना सुतार होता. वाघोलीहून सायकलनं यायचा. ह्यांच्याबरोबर वीस वर्षं काम केलेला माणूस. त्याच्या उजव्या मनगटाच्या शिरा कापल्या गेल्या. हात राहील, पण बोटं मिटणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे त्या हातात पुन्हा पटाशी धरता येणार नव्हती.

हे पातं जोडून देणाऱ्याला शिव्या देत राहिले. सांधा कच्चा होता म्हणे. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही शिसारी येते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात हे औषधं आणायला गेले आणि मी खाटेपाशी बसले. सुतार छताकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "वहिनी, पातं लई ताणलेलं हाय, ते मला महिनाभर कळत होतं. पर मालकांना ऐकू येत नाय, असं म्या कसं म्हणायचं?"

मला रडू आलं नाही. स्वतःची लाज वाटली, इतकी की तिथं बसवेना. मी उठून बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकावर त्याची बायको डबा मांडीवर धरून बसली होती. तेवढ्यात हे औषधांची पिशवी घेऊन आले.

मी ह्यांना जरा बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हटलं, "अहो, सांधा कच्चा नव्हता. पातं तुम्ही जास्त ताणत होता. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मला ते माहीत होतं."

हे कान पुढे करून म्हणाले, "काय?"

मी पुन्हा सांगितलं. ह्यांनी मान हलवली, कळलं नाही म्हणून. तिसऱ्यांदा मला ओरडावंच लागलं. अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला, आणि सुताराची बायको डबा बाकावर ठेवून उभी राहिली.