वजनकाट्यावरचा निळा पडदा

आमचा वजनकाटा भिवंडीजवळ राहनाळला, गोदामांच्या रस्त्यावर आहे. सासऱ्यांच्या भातशेतीची ती जागा. तीन बाजूंनी गोदामं उभी राहिली, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्यांनी काटा टाकला. कॅबिनमध्ये कॉम्प्युटरसमोर बसायचं काम माझं. ही खुर्ची मला आयती मिळाली नव्हती. सुनेनं ट्रकवाल्यांच्या तोंडाला लागावं हे घरात कुणालाच रुचलं नव्हतं. हिशेबाला घरचंच माणूस हवं, असं सासऱ्यांनीच म्हटलं म्हणून मी बसले.

काट्याचं काम साधं. भरलेली गाडी तोलायची, ती गोदामात माल उतरवून रिकामी परत आली की पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. पहिलं वजन कॉम्प्युटरमध्ये सेव्ह होऊन राहतं, दुसरं झालं की चिठ्ठी छापून निघते. मधल्या वेळात पहिलं वजन गेलं तर सगळंच गेलं, कारण उतरवलेला माल पुन्हा गाडीत भरून आण असं कुणाला सांगणार?

आणि तेच होऊ लागलं. मी सेव्हचं बटण दाबायचे आणि पडदा निळा व्हायचा. त्यावर एक रडका चेहरा, खाली इंग्रजी ओळी. मग कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा आणि मगाशी घेतलेलं वजन त्यात नसायचं. कधी सकाळभराची वजनं गायब. बाहेर गाड्यांची रांग, भोंग्यांचा गोंगाट, आणि खिडकीत मी, रंगेहाथ पकडल्यासारखी.

"मॅडम, आपका काँटा सोता बहुत है," एक गाडीवाला हसत म्हणाला होता. ते मी हसण्यावारी नेलं. पण एका गोदामाचा मुन्शी हसला नाही. "माल तो उतर गया. अब पहला वजन आप अंदाज़े से लिखेंगी क्या?" त्यानं विचारलं, आणि पुढच्या गाड्या दुसऱ्या काट्यावर नेल्या. त्याचा अर्थ आमच्या रस्त्यावर पोरासोरांनाही कळतो. काटा बंद पडतो म्हणजे काट्यात काहीतरी काळंबेरं आहे. सासरे घरी म्हणाले, "आजवर आमच्या काट्याला कोनी खोटा म्हनला न्हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण बोल माझ्याच खुर्चीला होता.

खरं सांगायचं तर मला भीती काट्याची नव्हती, भावाची होती.

माझा धाकटा भाऊ खारबावहून रोज भिवंडीत येतो. लूमच्या कारखान्याखाली एका गाळ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काटा बसवणारी कंपनीच कॉम्प्युटरही देणार होती. पण मीच घरात ताठ मानेनं सांगितलं होतं, माझा भाऊ असताना बाहेरचा कशाला? त्यानं कॉम्प्युटर जुळवला, बसवला, आणि बहिणीच्या घरी काम म्हणून एक पैसा घेतला नाही. सासूबाईंनी त्याला जेवू घातलं, सासऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, सोयऱ्यानं करून दिला. आता त्याच कॉम्प्युटरमध्ये खोट निघाली हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि आमच्याकडे सोयऱ्याच्या हातच्या कामाला दुसरा माणूस बोलवायचा म्हणजे सोयरीकच मोडीत काढल्यासारखं. नवरा दोनदा म्हणाला, भिवंडीत दुसरा कुणी बघूया. सासऱ्यांनी त्याला गप्प केलं. "सोयऱ्याचा काम हाय. त्यालाच बोलाव."

मग मी थापा मारायला लागले. सासरे बाहेरच्या बाकड्यावरून उठून कॅबिनच्या दारात यायचे. "काय झाला गो सूनबाय?" "लाइट गेलती बाबा, आता आली." ते वर छताकडे बघायचे, "बरा बरा" म्हणायचे आणि पुन्हा बाकड्यावर जाऊन बसायचे. कधी मी धुळीवर खापर फोडलं, कधी गाड्यांच्या हादऱ्यावर. सासूबाईंनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. ती मी काढली नाही, तेवढाच दोष नजरेवर गेला तर बरा.

भाऊ बिचारा प्रत्येक फोनला धावत यायचा. आतली रॅम काढून पुसायचा, वायरी बदलायचा, आणि शेवटी सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचा. तेवढं झालं की खिशातला पेनड्राइव्ह लावायचा. त्यात सगळ्या मशीनना चालतील अशा ड्रायव्हरांचा गठ्ठा होता. म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाशी विंडोजला बोलता यावं म्हणून लागणारे छोटे प्रोग्राम. गोदामागोदामांत त्याचं काम याच पद्धतीनं चालायचं. एकदा पेनड्राइव्ह लावला, सगळं टाकलं, चहा पिऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे. "आता बघ ताई, पळेल," असं म्हणून तो जायचा. आणि पडदा पुन्हा निळा. मला त्याचा राग यायचा. घरच्यांसमोर त्याची बाजू घ्यायची आणि मनात म्हणायचं, याला काही येतच नाही.

एकदा तो पेनड्राइव्ह दुकानातच विसरून आला. विंडोज टाकलं आणि म्हणाला, बाकीचं पुढच्या खेपेला करतो. त्यानंतर काटा असा चालला की मीच दचकले. एकही वजन गेलं नाही. मग पेनड्राइव्ह आणून त्यानं राहिलेलं काम पुरं केलं, आणि त्याच दुपारी रडका चेहरा हजर.

या वेळी मी रडायच्या आधी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला. खालच्या ओळीत एका फाइलचं नाव होतं. मागे एकदा असाच काढून ठेवलेला फोटो पाहिला, त्यातही तेच नाव होतं, मी कधी वाचलंच नव्हतं. गाड्या नव्हत्या तेव्हा नेटवर शोधलं. ती फाइल डिस्कच्या ड्रायव्हरची निघाली. डिस्कवर काही साठवायचं म्हटलं की कॉम्प्युटर त्याच्यामार्फत डिस्कशी बोलतो, आणि गठ्ठ्यातला हा जुना ड्रायव्हर आमच्या डिस्कला मानवणारा नव्हता. म्हणून नेमका सेव्ह करताना घोळ व्हायचा. लोकांनी उपायही दिला होता: ड्रायव्हरांच्या यादीत जाऊन विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर निवडायचा. मी एकेक पायरी वाचत, देवाचं नाव घेत ते केलं. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला आणि त्यानंतर तो रडका चेहरा मी पाहिला नाही.

भावाला मी सांगितलं नाही. घरी सांगितलं, त्यानं फोनवरून नीट केलं. नवरा म्हणाला, शेवटी जमलं म्हणायचं. मुन्शीच्या गाड्याही हळूहळू परतल्या. मी स्वतःवर खूश होते. भावाची अब्रू मी राखली, असंच मला वाटत होतं.

भाऊबीजेला तो आला. ओवाळून झालं, कोलंबीचं कालवण होईपर्यंत तो काट्यावर एक नजर टाकायला गेला. परत आला तेव्हा सगळे पाटावर बसले होते.

"ताई, डिस्कचा ड्रायव्हर तू बदललास?"

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. तो गप्प बसला नाही. सासऱ्यांकडे वळून सरळ म्हणाला, "बाबा, चूक माझी होती. माझ्या पेनड्राइव्हमधला ड्रायव्हर खराब होता, मीच दर वेळी तो पुन्हा टाकत होतो. हिनं नीट केलंय, मी नाही. आता दुसऱ्या गिऱ्हाइकांकडेही जाऊन बघायला लागेल."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. सासरे भात कालवत राहिले.

"मना ठावं होता," ते म्हणाले. "चुकतंय मानूस. तू जेव." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लाइट गेलती म्हनायचीस सूनबाय, तवा डोक्यावं पंखा फिरतच असायचा, थांबायचा न्हाय."

कुणी हसलं नाही. भावानं हातातला घास ताटात ठेवला. चूक कबूल करताना त्याचा चेहरा उतरला नव्हता, तो आता उतरला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "एवढी लाज वाटत होती तुला माझी?"

"नाही," मी म्हणाले. घरातला पंखा फिरत होता आणि सासरे माझ्याकडेच बघत होते.