मसणवटीकडची मोकळी वाट

आमचं गाव एका जागी कधी नव्हतंच. बदलापूरहून बारवीच्या अंगाला निघालं की आधी खालचा पाडा लागायचा, मग भातखाचरं, मग देवळाचा पाडा आणि टेकडीच्या पायथ्याशी आमचा वरचा पाडा. सरकारदप्तरी हे सगळं मिळून एक गाव. पण गाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे सरकारला विचारून काय उपयोग? लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला शिवेवरून चालवत नेऊन सगळं दाखवलं होतं. उगवतीला टेकडी, एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला शेंदराचा दगड. मावळतीला मसणवट, पण ती शिवेबाहेर.

साथ आली की भगत गाव बांधायचा. मंतरलेला दोरा शिवेभोवती फिरवायचा, कडुनिंबाच्या डहाळ्या लावायच्या, नारळ फोडायचा. मग देवीचा कौल मिळेपर्यंत आतला माणूस बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. गडी काठ्या घेऊन पहाऱ्याला बसत. मसणवटीच्या तोंडाशी मात्र दोरा नसायचा. मढं अडवून कसं चालेल?

पन्नास सालानंतरची गोष्ट. वैशाख होता, विहिरींनी तळ गाठला होता. माझी पहिली मुलगी नुकती रांगायला लागली होती. तिला सासूजवळ ठेवून मी करवंदांची पाटी घेऊन पहाटेच कॅम्पात गेले. फाळणीनंतर आलेली सिंधी मंडळी तिथे लष्कराच्या जुन्या बराकींत राहायची. भावात घासाघीस करायची, पण उन्हातून आलेल्या बाईला पापड आणि पाणी दिल्याशिवाय सोडायची नाहीत. मी ते पाणी पोटभर प्यायले. निघताना पलीकडच्या बराकीपुढे चुना टाकलेला दिसला. पटकी आली की चुना टाकतात, एवढं मला कळत होतं.

परत आले तर ओढ्यावर दोरा बांधलेला. पलीकडे काठीवाले, आणि त्यांच्या पुढे माझी सासू.

"तिथंच थांब! कॅम्पातनं आलीस तू."

"आय, पोर अंगावर पिते माझ्या."

"मी पेज पाजीन. मरायची नाय ती. देवीचा दोरा वलांडू नको."

मला तिचा असा राग आला की काय सांगू! पण रागापेक्षा भीती मोठी होती. कॅम्पातलं पाणी माझ्या पोटात होतं. मी आत गेले आणि दुधावाटे तेच पोरीला पाजलं तर? ओढ्याअलीकडे आमची राखणीची खोपी होती, तिथे राहिले. शेजारच्या गावातली एक म्हातारी दगडावर भाकर ठेवून मागे न बघता पळायची. पोटात जरा गुरगुरलं की मला घाम फुटायचा. दूध भरून यायचं, ते मातीत पिळताना मी हुंदके देऊन रडायचे.

सासू रोज दिवस मावळताना ओढ्यावर यायची आणि पोरीला दोन्ही हातांनी वर धरून दाखवायची. पोर माझ्याकडे झेपावायची. तेवढ्यावर मी दुसरा दिवस काढायचे.

खोपीतून मसणवट दिसायची. एका सकाळी तिथे धूर निघाला. दुपारी आणखी एक. मी मात्र ठणठणीत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पटकी माझ्या पोटात नव्हतीच. ती गावात होती, आमच्याच विहिरीत होती. दोऱ्याने तिला माझ्या पोरीबरोबर कोंडून ठेवलं होतं. मग मी आलेल्या प्रत्येक मढ्याचा आकार बघायला लागले. मोठं माणूस चौघं आणतात. तान्ह्याला एकटा गडी हातांवर घेऊन येतो.

एका संध्याकाळी सासू ओढ्यावर आली नाही. वरच्या पाड्यावरून रडणं ऐकू आलं. तो तिचाच आवाज होता. "माझी सोन्याची नात गं..." असा हंबरडा. मी खोपीबाहेर आले. माझा नवरा मसणवटीच्या वाटेने एकटा येत होता. हातांवर पांढरं गाठोडं, खांद्यावर कुदळ. काठीवाल्यांनी तोंडं फिरवली, पटकीच्या मढ्याजवळ कोण येतो? कशी पोहोचले मला आठवत नाही. तो करवंदीच्या जाळीमागे बसला होता. त्याने कापड बाजूला केलं.

"वरडू नको. झोपलीय. आयनं आफू चाटवलीय."

पोरीची छाती हलत होती.

"मी कॅम्पातलं पाणी प्यायलेय," मी म्हणाले.

"आमच्या विहिरीचं पिण्यापरीस बरं," तो म्हणाला. त्याने मातीचा लहान ढीग केला, वर दगड रचले, ओढ्यात अंघोळ केली आणि परत आत गेला. मी पोरीला छातीशी धरलं. पाजायला मात्र हात धजेना. शेवटी तिनेच झोपेत तोंड लावलं.

कौल मिळेपर्यंत मी तिला खोपीतच दडवून ठेवलं. मग दोरा सुटला. आम्ही फसवलं म्हणून गाव चिडलं, पण भांडायला तरी माणसं कुठे पुरेशी उरली होती? सासू उंबऱ्यात उभी होती. पोर तिच्याकडे झेपावली, तशी तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"जित्या पोरीचं मरण रडलेय मी," ती म्हणाली. "माजा हात लागला तर ते खरं व्हईल."

मी समजावलं, नवऱ्याने समजावलं, शेवटी भगतानेही समजावलं. तिची भीती गेली नाही. नातीची झबली तीच धुवायची, जांभळं पानावर काढून अंगणात ठेवायची, पण स्वतः लांब बसायची. नातीच्या लग्नात तिने अक्षता मांडवाबाहेरून टाकल्या.

सासू अखेरीला लागली तेव्हा माझी मुलगी सासरहून आली, उशाशी बसली आणि आजीचा हात हातात घ्यायला वाकली. म्हातारीच्या अंगात पाणी गिळायचं त्राण नव्हतं. तरी तिने हात ओढून गोधडीखाली घेतला.