ऑपरेटरमामांचा जिना

ऑपरेटरमामांशी बोलायचं म्हणजे जिन्याखाली उभं राहून, मान वर करून. पेणच्या आमच्या टॉकीजमध्ये मशीनच्या खोलीत कुणी पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे. "थांब तिथंच! वर यायचं नाय!" अशी डरकाळी यायची. नवखा माणूस म्हणायचा, काय खडूस म्हातारा आहे!

खडूस? अहो, हाच माणूस पूर्वी इंटरव्हल झालं की आवारातल्या माझ्या चहाच्या टपरीवर येऊन बसायचा. उशिरा आलेल्यांना सुटलेली गोष्ट सांगायचा, तीही हिरोइनच्या आवाजात. गडब गावच्या बायका तर तेवढ्यासाठी मुद्दाम उशीर करायच्या.

टपरीवर माझं दूध सारखं करपायचं. ते बघून मामांनी मशीनच्या दिव्याभोवतीच्या जुन्या ॲस्बेस्टॉसच्या अस्तराचा एक तुकडा कापून आणला. "स्टोव्हवर ठेव, शांते. आगीला भीत नाय हा." दूध करपायचं थांबलं. नवरा गेल्यापासून मला कुणी आपणहून काही आणून दिलं नव्हतं. तो तुकडा मी रोज पुसून ठेवायचे.

मग मशीन दुरुस्त करायला मुंबईहून एक माणूस आला. दिव्याची पेटी उघडताच त्याने नाकाला रुमाल लावला. हे ॲस्बेस्टॉस झिजून त्याची पूड होते, श्वासातून छातीत जाते आणि जन्मभर तिथंच बसते, असं तो म्हणाला. मामा तडक टपरीवर आले आणि माझा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळायला लागले.

"दिलेलं परत नेताय होय?" मी उसळले.

त्यांनी सगळं सांगितलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"आणि तुम्ही? तुम्ही तर दिवसभर त्यातच!"

"माझ्या छातीत जायची ती गेली. तुझी पोरं लहान हायत."

मालकांकडे त्यांनी दिव्याला नवं अस्तर मागितलं. "इतकी वर्षं काय झालं नाय, आता काय होतंय?" म्हणून मालकांनी उडवून लावलं. मग कपड्यांवरची पूड दुसऱ्याच्या श्वासात जाऊ नये म्हणून मामांनी स्वतःलाच वेगळं काढलं. खाली येणं बंद. मी चहा पायरीवर ठेवायचा, मी लांब गेले की ते घ्यायचे. खेळ सुटला की मागच्या नळावर शर्ट धुऊन, ओलाच अंगात घालून रामवाडीच्या खोलीवर जायचे. रोह्याला भावाकडेही जाईनात. का, तर पुतणे अंगावर उड्या मारतात! मला भयंकर राग यायचा. एवढ्या गप्पिष्ट माणसानं बोलायचं कुणाशी, त्या मशीनशी?

घरोघरी केबल आली आणि टॉकीज बंद पडली. मामा थकले होते, भाऊ त्यांना रोह्याला घेऊन गेला. मी भेटायला गेले तर ओटीच्या टोकाला एकटेच बसलेले. बसल्या जागी धाप लागत होती. पोरं अंगणात खेळत होती, पण ओटीवर चढत नव्हती. तशी सक्त ताकीदच होती.

"लांब बस गो," मला बघताच म्हणाले.

"मशीन भंगारात गेलं, मामा. आता कसली धूळ?" मी खेटून बसले. ते सरकले. मीही सरकले. ओटी संपली तेव्हा थांबले बिचारे.

"टॉकीजचा शेवटचा खेळ बघितलास?" त्यांनी विचारलं.

"कधी बघणार? टपरी कोण सांभाळणार?"

मग त्यांनी त्या सिनेमाची गोष्ट सुरू केली. धापा टाकत, हिरोइनच्या आवाजात. पोरं खेळ सोडून एकेक करत ओटीवर आली. मामांनी त्यांना हाकललं नाही. इंटरव्हलपर्यंत आले आणि त्यांचा दम संपला.

"बाकीची पुढल्या वेळी," म्हणाले.

पुढली वेळ आली नाही. तो सिनेमा नंतर टीव्हीवर कितीदा लागला. इंटरव्हल झालं की मी टीव्ही बंद करते.